सुनेला मी चालवलं

माझं पोट दोनदा फाडलं आहे. पहिल्यांदा गर्भाची पिशवी काढली तेव्हा मी पस्तिशीच्या आत होते. अंगावर जास्त जात होतं, एवढंच कारण. डॉक्टर म्हणाले काढा, नवरा म्हणाला काढा. मला कुणी विचारलं नाही, आणि आपल्याला विचारायला हवं होतं हे मलाही कळत नव्हतं. घरी आणल्यावर सासूनं जुनं धोतर फाडून पोटावर आवळून बांधलं आणि मला खाटेवर टाकलं. पाणी घोटभरच, कारण जास्त प्यायलं की टाके पिकतात. भात बंद. कूस बदलायची तर दोघींनी धरून. सव्वा महिना मी तशी पडून राहिले. बघायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, नशिबाची आहेस, सासू किती करते.

सासू करत होतीच. तिला जे माहीत होतं ते तिनं केलं.

पुढं काही वर्षांनी भातकापणीच्या दिवसांत माझं पोट ढोलासारखं फुगलं. ओकाऱ्या थांबेनात, वारा सरेना. लोणावळ्याला नेलं, तिथून पुण्याला. पुन्हा पोट उघडलं. नंतर डॉक्टर म्हणाले की जुन्या ऑपरेशनच्या जागी आतडं चिकटलं होतं, त्याला पीळ पडून वाट बंद झाली होती. मी विचारलं, चिकटलं कशानं? ते म्हणाले, पोटाचं ऑपरेशन झालं की आत थोडंफार चिकटतंच, कुणाचं कमी, कुणाचं जास्त. मी म्हटलं, मग पहिल्या वेळी हे कुणी का सांगितलं नाही? ते पुढच्या खाटेकडे गेले.

त्यानंतर वाकलं की आत काहीतरी ओढल्यासारखं होतं. लावणीला जाणं मी सोडलं नाही, पण प्रत्येक वाकण्याला तो प्रश्न आठवायचा. म्हणून सुनेच्या वेळी मी गप्प बसणार नव्हते.

सून माझ्या धाकट्या मुलाची बायको. कान्हे गावची पोर, बारावी शिकलेली, लग्नाआधीपासून तळेगावला कंपनीत जायची. मुलगा शनिवार-रविवारी पाहुण्यांना गाडीतून लेणी आणि किल्ले दाखवतो. स्वभावानं गरीब. चार माणसं जिकडे बोलतील तिकडे मान हलवतो. लग्नाला काही वर्षं होऊन गेली, मूल नव्हतं, आणि सुनेला दर महिन्याला इतकं जायला लागलं की ती पांढरीफटक पडली. तपासणीत पिशवीला गाठ निघाली. पहिल्या दवाखान्यात सांगितलं, पिशवीच काढून टाका.

हे ऐकून माझी धाकटी जाऊ आमच्या ओट्यावर येऊन बसली. ती शेजारच्याच घरात राहते आणि आमच्या घरातल्या प्रत्येक गोष्टीवर तिचं मत तयार असतं. ती म्हणाली, "पोर व्हायचं असतं तर आत्तापातूर झालं असतं, अक्का. काढून टाका, कटकट मिटंल."

"तुझं डोकं दुखतं तवा डोकं काढतीस का?" मी म्हटलं.

ती दोन दिवस बोलली नाही. तेवढंच बरं वाटलं.

सुनेला मूल हवं होतं. तिनं ते मला एकदाच सांगितलं, भांडी घासताना, माझ्याकडे न बघता. मग मी मुलाला म्हटलं, दुसरा डॉक्टर बघ. तळेगावला एक बाई डॉक्टर आहेत असं सुनेच्या कंपनीतल्या मैत्रिणीकडून कळलं. आम्ही तिघं गेलो. आमच्याकडे रीत अशी की आत पुरुषमाणूस जातो, डॉक्टरशी बोलतो आणि बाहेर येऊन बायकांना सांगतो काय करायचं ठरलं. मुलगा उठला तशी मीही उठले. तो म्हणाला, आई, तू बस की. मी त्याच्या पुढं आत गेले आणि सुनेलाही हाताला धरून आत घेतलं. जिच्या पोटाचा विषय, तीच बाहेर बाकावर बसून काय करणार?

डॉक्टरबाई माझ्या मुलाच्या वयाच्या असतील. त्यांनी कागदावर पिशवीचं चित्र काढून दाखवलं. पिशवी ठेवता येईल, नुसती गाठ काढू, म्हणाल्या. मुलानं लगेच मान हलवली. मी म्हटलं, बाई, माझं आतडं चिकटलं होतं. हिचं आत काही चिकटू नये म्हणून तुम्ही काय करणार?

मुलानं माझा पदर ओढला. डॉक्टरला असं विचारतात का, असं त्याचं तोंड झालं.

डॉक्टरबाईंना राग आला नाही. त्या खुर्ची पुढं घेऊन सुनेकडे बघत सांगू लागल्या. चिकटलं तर आतड्याला त्रास होतो, तसा पिशवीच्या बाजूच्या नळ्यांनाही होतो, आणि नळ्या अडकल्या तर दिवस राहायला अडचण येते. म्हणून त्या पोट फाडणार नव्हत्या, छोट्या छिद्रांतून दुर्बिणीनं करणार होत्या. आतल्या अवयवांना लागेल तेवढाच हात लावायचा. रक्त साचू द्यायचं नाही. आतलं कोरडं पडू द्यायचं नाही, शेवटी सगळं धुऊन काढायचं. आणि गाठ काढली त्या जागेवर एक पातळ पडदा ठेवायचा. जखम भरेपर्यंत तो मध्ये राहतो आणि नंतर आपोआप विरघळतो.

मला ते पटलं. तांदळाच्या ओल्या सालपापड्या एकमेकींना लागल्या तर वाळताना एक होतात, मग सोडवताना फाटतात. मध्ये काहीतरी पाहिजे.

"म्हणजे चिकटणार न्हाई?" मी विचारलं.

"असं मी म्हणणार नाही, आजी. कमी करता येतं. अजिबात होणार नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका."

त्या एका वाक्यावर मी त्यांच्याकडे सून सोपवली. खात्री देणारे डॉक्टर मी पाहिले होते.

ऑपरेशन झालं त्याच संध्याकाळी नर्सनं सुनेला उठवून उभं केलं. मुलगा दचकला. टाके तुटतील म्हणाला. मी डॉक्टरबाईंना गाठून विचारलं की चाललं म्हणजे चिकटत नाही, असं आहे का? त्या म्हणाल्या, तसं ठामपणे सांगता येणार नाही, चिकटू न देण्याचं काम मुख्यतः आमच्याच हातातलं आहे. पण चाललं की आतडी लवकर कामाला लागतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होत नाहीत. चालू द्या, पाणी भरपूर द्या, भात खाऊ दे. जड उचलायचं नाही. ताप आला किंवा पोट फुगलं तर लगेच या.

घरी आणलं तेव्हा जाऊ बाळंतिणीची तयारी करावी तशी तयारी करून बसली होती. खाट अंथरलेली, उशाला मऊ धोतराच्या पट्ट्या. पट्ट्या मी परत दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेचा हात धरला आणि तिला घेऊन घरातून निघाले. अंगणात दगड आहेत, रस्त्यावर पाहुण्यांच्या गाड्या. सपाट आणि मोकळा म्हणावा तर आमच्या खाचरांचा रुंद बांधच. तिथं आम्ही जायचो. थोडं चालायचं, थांबायचं, परत यायचं.

आता आमच्या गावात एक गोष्ट आहे. बाई एक तर आडवी असते, नाही तर कामाला असते. नुसती चालणारी बाई कुणी पाहिलेली नाही. बिनकामाचे चालतात ते पुण्या-मुंबईचे पाहुणे. त्यामुळं ज्यांनी ज्यांनी आम्हाला बांधावर पाहिलं, त्या सगळ्यांनी एकच समजून घेतलं, की म्हातारीनं पोरीला टाक्यांसकट शेतावर नेलं. मी तिला पाण्याची कळशीसुद्धा उचलू देत नव्हते, पण कळशी घरात असते, बांध सगळ्या गावाला दिसतो.

एक बाई तोंडावर म्हणालीच, की मावशी, टाके तरी वाळू द्यायचे. मी म्हटलं, व्हय, राबवते मी तिला, तुला काय करायचं? सून हसली आणि हसताना पोट धरून वाकली. मग तिला हसवायचं नाही एवढं मी लक्षात ठेवलं.

बातमी कान्ह्याला, सुनेच्या माहेरी, पोचायला वेळ लागला नाही. जावेचं माहेरही तिकडचंच. एका दुपारी दारात रिक्षा थांबली आणि विहीण उतरली. सुनेला न्यायला आली होती. रिक्षात गादी टाकून आणली होती. पोरगी तेव्हा नेमकी बांधावरून माझ्याबरोबर येत होती, तोंड घामानं भिजलेलं. विहिणीनं जे ऐकलं होतं ते तिला डोळ्यांसमोर दिसलं.

"इहिनबाई, तुमाला सून पायजे का गडी?" ती म्हणाली. "माझ्या लेकीला मी सव्वा महिना खाटंवरनं उठू देणार न्हाई. लय झालं."

मी तिला डॉक्टरबाईंनी काय सांगितलं ते सांगायला लागले. ती ऐकायला आली नव्हती. तिचा माझ्यावर राग होता आणि लेकीवर जीव होता, दोन्ही खरं होतं. मुलगा मध्ये उभा राहून कधी इकडे, कधी तिकडे बघत होता. मग म्हणाला, जाऊ दे ना तिला थोडे दिवस, लोकांची तोंडं तरी बंद होतील. जाऊ तिच्या ओट्यावर येऊन उभी होतीच.

मला त्या वेळी भीती वाटली, ती लोकांची नाही. तिकडे नेलं की पोट आवळतील, पाणी तोडतील, ताप आला तरी देवाचं बघतील, आणि पोट फुगलं तर माझं फुगलं होतं तसं उशिरा कळेल. पण सुनेला धरून ठेवायचा अधिकार मला नव्हता. माझ्या वेळी सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. आता मीच तिच्यासाठी ठरवलं तर मी वेगळं काय केलं? मी म्हटलं, तिला विचारा.

अंगणात कुणाला हे अपेक्षित नव्हतं. सून खांबाला टेकून उभी होती.

"मम्मी, मी हितंच थांबते," ती विहिणीकडे बघून म्हणाली. "आई मला काम सांगत न्हाई. मीच चालते. माझं पोट हाय."

मी चहा ठेवला होता, तो विहिणीनं घेतला नाही. रिक्षातली गादी तशीच रिकामी घेऊन ती गेली. बरेच दिवस आमच्याकडे तिचा फोन आला नाही, आणि मीही केला नाही. सून मात्र त्या दुपारनंतर माझा हात न धरता चालायला लागली.

काही महिन्यांनी डॉक्टरबाईंनी नळ्यांची तपासणी सांगितली. आत औषध सोडून फोटो काढतात, नळीतून ते पलीकडे गेलं तर वाट मोकळी. विहीण त्या दिवशी तळेगावला आली. माझ्या शेजारी बसली, पण बोलली नाही. मीही मनधरणी केली नाही. आतलं जे कुणालाच डोळ्यांनी दिसत नाही ते आज दिसणार होतं, आणि मला भीती होती. तसं मी कुणाला दाखवलं नाही.

एक नळी मोकळी निघाली. दुसरी बंद. डॉक्टरबाई म्हणाल्या की बंद नळी आधीपासून गाठीनं दाबलेली होती की नंतर चिकटली, हे नक्की सांगता येत नाही. एका नळीवर दिवस राहू शकतात. राहतीलच असं त्या म्हणाल्या नाहीत. मुलाचा चेहरा पडला. अर्धंच काम झालं, असं तो पुटपुटला. मी त्याला म्हटलं, पिशवी काढली असती तर काय पुरं झालं असतं?

संध्याकाळच्या लोकलनं विहीण वाटेत कान्ह्याला उतरली, आम्ही पुढं आमच्या मळवली स्टेशनला उतरलो. गावातल्या दोघीतिघी स्टेशनवर होत्या, भाजी विकून परतणाऱ्या. आम्ही कशाला गेलो होतो ते त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं, आणि मला विचारलं, सुनेला नाही. काय म्हणाला डॉक्टर? असल्या प्रश्नाला आमच्याकडे बाया ‘बरं हाय’ म्हणतात आणि पदर सारखा करून पुढं जातात. माझ्या तोंडातही तेच येत होतं.

सून मध्येच थांबली.

"एक नळी उघडी हाय मावशी, एक बंद," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आन् पिशवी जाग्यावर हाय. पोर होईल न्हाईतर न्हाई होणार. पर कुणी काढून टाका म्हणायचं काम न्हाई."

बायांनी टोपल्या उचलल्या. मुलगा खाली बघत होता. पिशवी हा शब्द मी सुद्धा कधी स्टेशनवर मोठ्यानं उच्चारला नव्हता. ती पुढं चालायला लागली आणि आम्ही तिच्या मागं निघालो.