आठ दिवस गोळ्या बंद

आईच्या बोटांना संधिवात होता. सूज उतरवणाऱ्या गोळ्या घेतल्या, तरच तिची मूठ मिटायची. भिंगारच्या भाड्याच्या खोलीत आम्ही दोघंच राहायचो. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "या गोळ्यांनी रक्तातली प्रथिनं बदलतात. आजार किती आणि गोळीचा गुण किती, हे कळायला आठ दिवस गोळ्या बंद ठेवा, मग रक्त तपासू."

आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी. दूध नासल्यावर पाणी वेगळं होतं, चोथा वेगळा होतो, त्या चोथ्यातल्यासारखीच प्रथिनं रक्तातही असतात, हे मी आईला ऐटीत समजावलं. ती "व्हय, व्हय" म्हणत राहिली.

आठ दिवसांनी डॉक्टर तिला म्हणाले, "मूठ मिटा बघू." आईने सहज मिटली.

"गोळ्या बंद आहेत ना?"

"म्हणजे काय! आहेतच," मी म्हणालो.

आई खाली बघत बोलली, "न्हाई वो. रोज घेती मी."

मी तिथेच तिच्यावर ओरडलो, "एवढं समजावलं, तरी?"

"बोटं मिटंनात तर लुगडं कसं नेसू? तुझ्याकडून नेसून घेऊ व्हय रं?"

बाकावर नंबर लावून बसलेल्या बायांनी तोंडं फिरवली. डॉक्टरांनी रक्त काढायला घेतलेली सुई खाली ठेवली. प्रथिनं मला तोंडपाठ होती, पण सकाळी आईला लुगडं कोण नेसवणार, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. माझी मान वर होईना.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने श्रीरामपूरला जाऊन मावशीला आठ दिवसांसाठी घेऊन आलो. आईने गोळ्यांची बाटली आपणहून तिच्या हातात दिली.