लाल चौकट

कल्पिता तांडेलला प्रोफेशनल एथिक्समध्ये वीसपैकी वीस मार्क होते. त्यात कौतुक ते काय, असं इंजिनिअरिंगचं कुठलंही पोर म्हणेल. हा विषय म्हणजे शनिवारचं शेवटचं लेक्चर. अर्धा वर्ग कँटीनमध्ये, उरलेला डुलक्या घेतोय. कलमं पाठ करायची, पेपरात ओकायची आणि मोकळं व्हायचं. कल्पिताने तेच केलं, फक्त इतरांपेक्षा जरा नीटनेटकं.

शिकवायला नमिता मॅडम होत्या, तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी त्यांनी ऐकवलं होतं, "तुमचा प्रोग्राम चुकणारच आहे. तो चुकेल तेव्हा मार कुणाला बसेल ते आधी लिहा, मग कोड लिहा." कल्पिताने या वाक्याखाली दोन रेघा मारल्या आणि परीक्षेत ते जसंच्या तसं उतरवलं. आपल्याच प्रोजेक्टपुढे हा प्रश्न ठेवावा, हे काही तिला सुचलं नाही. हुशार पोरांचं हे असंच असतं, मला त्यांचा रागच येतो.

प्रोजेक्ट तिच्या कोळीवाड्यासाठी होता, अंधेरीच्या पश्चिमेला, खाडीच्या तोंडाशी. धक्क्याला लागलेल्या बोटींवरून बॅटऱ्या चोरीला जात होत्या. एकदा कल्पिताच्या बापाची, रामनाथची बोटही सुटली नाही. तेव्हापासून रामनाथचं डोकं फिरलं होतं. मच्छिमार सोसायटीचे अध्यक्ष भाऊराव म्हणाले, "बाहेरचा मानूस कशाला? आपली पोर कॉम्प्युटर शिकतेय ना!" वाड्यातली इंजिनिअरिंगला गेलेली पहिली मुलगी ती. आई सोनूबाई बाजारात मासळी विकताना गिऱ्हाइकाला भावाआधी हे सांगायची.

कल्पिताने धक्क्याच्या तोंडाशी कॅमेरा आणि मोठा पडदा लावला. पडद्यावर दिसेल ते तिच्या लॅपटॉपमध्ये रेकॉर्डही व्हायचं. ओळखीचा चेहरा दिसला की त्याभोवती हिरवी चौकट आणि खाली नाव. अनोळखी दिसला की लाल चौकट आणि भोंगा. चेहरे तिने नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीच्या फोटोंमधून घेतले, कारण त्या दिवशी सगळा वाडा नटूनथटून रस्त्यावर असतो. सगळा म्हणजे बोटवाल्यांचा वाडा. बोटीवर राबणारे खलाशी तेव्हा धक्क्यावर जाळी चढवत असतात, मिरवणुकीत त्यांना कोण बोलावतं? एकाही खलाशाचा चेहरा आत गेला नाही. हे तिच्या लक्षात आलं होतं. नंतर टाकू, म्हणाली.

लाल चौकटीखाली तिने 'अनोळखी' असं लिहिलं होतं. भाऊरावांना ते पटेना. "अनोळखी काय गो? लोकांना कळाया पायजे. सरळ चोर लिव." तिने 'चोर' लिहिलं. त्याला कितीसा वेळ लागतो!

उद्घाटनाला दुपारी सगळे जमले. पडद्यापुढे नारळ फुटला. भाऊराव समोर उभे राहिले, हिरवी चौकट आली, नाव आलं. शिट्ट्या पडल्या. रामनाथ उभा राहिला, त्याचंही आलं. "झकास गो पोरी!" तो ओरडला, आणि कल्पिताला वाटलं, चार वर्षांचं चीज झालं.

तेवढ्यात बोटीकडून शिवदास आला. तलासरीकडचा, चाळिशीचा, रामनाथच्याच बोटीवरचा खलाशी. रामनाथच्याच घरी जेवायचा. त्याच्या खांद्यावर बॅटरी होती.

पडदा लाल झाला. भोंगा केकाटला. पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत आलं: चोर.

शिवदास पडद्याकडे बघून हसला. त्याला वाटलं, हा उद्घाटनाचाच काही खेळ असणार. पुढच्या क्षणी रामनाथने वल्हं उचललं आणि त्याच्या तोंडावर हाणलं.

"माझ्या ताटात जेवतोस, मेल्या!"

जबडा मोडल्याचा आवाज भोंग्याच्या गोंगाटातही ऐकू आला. बॅटरी पडली, शिवदास तिच्यावर पडला. मग सगळेच तुटून पडले. कुणी बर्फ फोडायचा दांडा आणला, कुणी गमबुटांनी बरगड्या तुडवल्या. त्याने डोक्यावर घेतलेला हात कुणीतरी ओढून फरशीवर धरला आणि दुसऱ्याने त्यावर दगड घातला. यातला एक एक माणूस त्याला नावाने ओळखत होता. तोंड उघडून "शिवदास आहे रे तो" म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही, कारण पडदा चोर म्हणत होता आणि पडदा आपल्या पोरीने बनवला होता.

आणि ती पोर? ती लॅपटॉपकडे धावली. आधी भोंगा बंद केला. मग ती ओळ शोधून काढली, 'चोर' खोडलं, 'अनोळखी' लिहिलं. पडद्यावर शब्द बदलला. वर बघायला कुणाला सवड होती! खाली शिवदासच्या डोळ्यातून रक्त वाहत होतं.

थांबवलं सोनूबाईने. मासळीची रिकामी टोपली घेऊन ती बाजारातून येत होती. गर्दीत घुसून ती सरळ शिवदासच्या अंगावर आडवी पडली. दोन फटके तिच्याही पाठीत बसले. "मीच सांगितलं त्याला बॅटरी चार्जिंगला न्यायला! मी सांगितलं!" मग हात थांबले.

शिवदास वाचला. एक डोळा गेला, उजव्या हाताचा पंजा कामातून गेला, जबडा तारांनी बांधला. त्याला बोलता येत नव्हतं, लिहिता तर कधीच येत नव्हतं. वाड्याने ठरवलं, तो बोटीवरून घसरून पडला. भाऊराव घरी आले आणि कल्पिताला म्हणाले, "तेवढं रेकॉर्डिंग पुसून टाक. विषय संपला."

रामनाथ कोपऱ्यात बसला होता. त्या दिवसापासून त्याला घास गिळवत नव्हता, पण तुरुंगाचं नाव काढलं की तो उठून दार लावून घ्यायचा. "पोरी, बापाला आत घालशील?" त्याने विचारलं. सोनूबाई पाठ शेकत बसली होती. ती एवढंच म्हणाली, "त्याला बोलता येत नाय, गो."

कल्पिता रडली. बापाच्या पायांवर डोकं ठेवून पोटभर रडली. मग लॅपटॉप उचलून पोलीस स्टेशनला गेली.

इन्स्पेक्टरने रेकॉर्डिंग लावलं. प्रोग्राम आपलं काम चोख करत होता. वल्हं उगारलेला माणूस, हिरवी चौकट, रामनाथ तांडेल. दांडा घेतलेला, हिरवी चौकट. दगड घालणारा, हिरवी चौकट. एकही नाव चुकलं नव्हतं. मधे जमिनीवर तेवढी एक लाल चौकट हलत होती, आणि तिच्याखाली अजून 'चोर' होतं. मग ते 'अनोळखी' झालं.

"हे मधेच कसं बदललं?"

कल्पिताने लॅपटॉपच्या पडद्यावर कडेला बोट दाखवलं. तिथे टेबलावर वाकलेली एक मुलगी होती, तिच्याभोवती हिरवी चौकट, खाली तिचं नाव. शिवदास तिच्यापासून चार पावलांवर पडला होता. ती त्याच्याकडे पाठ करून टाइप करत होती.

इन्स्पेक्टरने रेकॉर्डिंग थांबवलं. "पोरी, तू तर मारलं नाहीस," तो म्हणाला. "तुझं नाव कशाला लिहू?"

"लिहा साहेब," कल्पिता म्हणाली. "बाबांच्या वर लिहा."