वहिनींचा विमानतळ

“तात्या! अधिकाऱ्याला गाव विचारायचं नाही! किती वेळा सांगू? नाही विचारायचं!”

इंदापूरच्या एसटी स्टँडवर हा आवाज असा कडाडला, की सोलापूरला सुटत असलेली गाडी जागेवर थबकली. कंडक्टरनं उगाचच आपली तिकिटं तपासली. ज्याला गाव विचारलं, तो अधिकारी म्हणजे मी. माझ्यापुढे रसवंतीवाल्याचं स्टूल होतं, डोक्यावर कुणा वॉचमनची मागून आणलेली टोपी होती आणि समोर पासपोर्ट म्हणून बँकेचं पासबुक घेऊन वरकुट्याचे तात्या उभे होते. मी नियमाप्रमाणे दरडावून विचारलं होतं, “व्हॉट इज द पर्पज ऑफ युवर व्हिजिट?” तात्यांनी बरोबर उत्तर दिलं होतं, “टु सी माय डॉटर, सर.” इथं थांबले असते तर प्रश्नच नव्हता. पण तात्यांनी स्टुलावर कोपर टेकलं आणि प्रेमानं विचारलं, “अँड यू? युवर व्हिलेज?” मीही बिनपगारी अधिकारी, म्हणालो, बारामती. मग बारामतीत कुणाचे, आजोळ कुठलं, थोरली बहीण कुठं दिली, असं करत दोन मिनिटांत माझी आई आणि तात्यांची चुलत मेहुणी एकाच गावच्या निघाल्या. पासबुक स्टुलाखाली पडलं. तेव्हा तो आवाज कडाडला.

तो आवाज माझ्या थोरल्या वहिनींचा. नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधे जेवढं इंग्रजी बोललं जातं, त्यातलं निम्मं वहिनींनी स्वतः शिकवलेलं आहे आणि उरलेलं निम्मं त्यांच्या धाकानं लोकांच्या तोंडून आपोआप बाहेर आलेलं आहे. वालचंदनगरच्या एका शाळेत त्यांनी पोरांना तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बाई पापड लाटतील. बाईंनी पोरांच्या आईबापांना वर्गात बसवलं. बसवलं म्हणजे तरी काय, उभंच केलं. बसून शिकलेली भाषा बसूनच राहते, असं त्यांचं ठाम मत. आणि विषय एकच, प्रवास. मी एकदा विचारलं, “वहिनी, घरातलं इंग्रजी का नाही शिकवत?” तर म्हणाल्या, “भाऊजी, घरात भांडायला मराठी पुरतं की. इंग्रजी लागतं ते उंबऱ्याबाहेर, जिथं आपलं कुणी नसतं तिथं.”

त्यामुळे आमच्या दोन तालुक्यांत जगातली सगळी महत्त्वाची ठिकाणं आहेत. इंदापूरचा स्टँड हा विमानतळ. बारामतीतलं एक मंगल कार्यालय हे पंचतारांकित हॉटेल. लग्न नसेल त्या दिवशी तिथं पार्लरवाल्या ताई आणि दूध डेअरीवाले आप्पा आळीपाळीनं एकमेकांकडे खोली मागतात आणि खोलीत गरम पाणी नाही म्हणून तक्रार करतात. सामान मोजायला वहिनी वर्गाला घेऊन चक्क उसाच्या वजनकाट्यावर गेल्या होत्या. बॅग ठेवली, तर आकडा शून्य. काटेवाला म्हणाला, “बाई, ह्यो काटा ट्रक असल्याबिगर तोंडच उघडत न्हाय.” वहिनींनी तिथंच उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर बॅग चढवायला लावली. आकडा आला बारा टन. काउंटरवाल्या बाई झालेल्या पार्लरच्या ताईंनी न डगमगता सांगितलं, “सॉरी सर, युवर बॅग इज लिटल ओव्हरवेट.” त्या ‘लिटल’ला वहिनींनी पैकीच्या पैकी गुण दिले. नात्यातल्या लग्नातसुद्धा त्या पंगतीत वाढायला उभ्या राहिल्या की विद्यार्थी ओळखून विचारतात, “विंडो सीट ऑर आइल?” आणि विद्यार्थीही इतके तयार, की भिंतीकडेला बसलेला माणूस “विंडो, प्लीज” म्हणून मगच जिलेबी घेतो.

दर आठवड्याला प्रत्येकानं आपल्या फोनवर आपला व्हिडिओ करून आणायचा, हा या वर्गाचा कणा. लिहायचं नाही, पाठ करायचं नाही, करून दाखवायचं. चुकलं तर चूक कापायची नाही. “कापलेली चूक परत उगवते,” वहिनी म्हणतात. रविवारी ते सगळे व्हिडिओ भिंतीवर पांढरी चादर लावून दाखवतात, आणि मी छातीठोकपणे सांगतो, एवढी गर्दी आमच्याकडे कुठल्याच सिनेमाला झालेली नाही. आप्पांनी म्हशीला टॅक्सी समजून भाडं ठरवलं, तो व्हिडिओ तर लोकांनी तीनदा लावायला लावला. म्हैस भाड्याला कबूल होईना, म्हणून आप्पांनी चौथ्यांदा भाव वाढवला, पण इंग्रजी सोडलं नाही.

या वर्गात तात्या आले ते कामासाठी. त्यांच्या बापजाद्यांनी मेंढरं राखली. आता शेती, डाळिंब आणि चार शेळ्या. बायको जाऊन काही वर्षं झालेली. एक मुलगा, एक लेक. लेक आयर्लंडला, तिथं नुकतीच बाळंत झालेली. तिच्या सासूला प्रवास झेपत नव्हता. लेक फोनवर एकदाच म्हणाली, “आबा, कुणीतरी माझ्यापाशी या ना.” तात्यांनी दुसऱ्या दिवशी शेळ्या भावाकडे सोडल्या. पण तिकीट काढून देणारा त्यांचा मुलगाच आडवा आला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. “वाटेत विमान बदलायचं हाय, आबा. तुमी तितं कुनाला तरी गाव इचारत बसाल आन् विमान जाईल निघून. बाई ‘जाऊ द्या’ म्हनल्या तरच मी तिकीट काढनार.” म्हणजे लेकीकडे जाणं आता वहिनींच्या एका शब्दावर आलं.

आणि वहिनी शब्द देईनात. मी मधे पडून पाहिलं. “वहिनी, इंग्रजी चांगलं बोलतात हो तात्या.” वहिनी म्हणाल्या, “बोलतात चांगलं, भाऊजी. थांबत नाहीत.” खरंच थांबत नसत. ‘पाहुण्याला आपला गाव दाखवा’ या विषयावर तात्यांनी जो व्हिडिओ केला, त्यात भिंगावर अर्धा अंगठा होता आणि उरलेल्या अर्ध्यात अख्खं वरकुटं होतं. घरापासून देवळापर्यंतचा रस्ता इंग्रजीतून सांगायचा होता. तात्या निघाले, आणि जो भेटेल त्याला, “हॅलो! हाऊ इज युवर मदर? नी ऑपरेशन ओके?” समोरचा मराठीत सगळी हकिगत सांगायचा, तात्या पाहुण्याच्या सोयीसाठी तिचं इंग्रजी करायचे. पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ संपला तरी देऊळ आलं नव्हतं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. वहिनींनी नापास केलं.

“तात्या, रस्ता दाखवायचा होता.”

“रस्ता जाग्यावरच ऱ्हातोय की बाई,” तात्या म्हणाले. “मानसंच इकडंतिकडं हुत्यात.”

मग इंदापूरच्या स्टँडवर माझं गाव विचारलं, म्हणून दुसऱ्यांदाही नापास. त्या दिवशी मात्र तात्यांनी टोपी काढून हातात धरली, पुन्हा घातली आणि म्हणाले, “बाई, ल्येक म्हनती नातू आता मान धराय लागला.” वहिनींनी फळा पुसायला घेतला. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

शेवटची परीक्षा वहिनींनी बारामतीच्या स्टँडवर ठेवली, तीही बाजारच्या दिवशी. एका टोकाला तात्यांचं पहिलं विमान उतरणार, दुसऱ्या टोकाचं दुसरं विमान दहा मिनिटांत सुटणार. मधे कुणाशी बोलायचं ते फक्त गेट नंबर विचारण्यापुरतं. मी फोन घेऊन मागे. तात्या बॅग ओढत निघाले. चुलतभाऊ हाक मारत होता, तात्या गेले. जुन्या शेजाऱ्यानं “तात्या, चहा?” म्हटलं, तात्या गेले. आणि अगदी मधोमध, हातात दोन कप धरून कोण उभं होतं म्हणता? तात्यांचे व्याही! मुलाचे सासरे! वहिनींनी त्यांना मुद्दाम बोलावून उभं केलं होतं आणि कशासाठी ते सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे व्याह्याला न बोलता पुढं जाणं म्हणजे काय, हे सांगायला हवं का? त्यापेक्षा माणसानं व्याह्याच्या घराला आग लावावी, लोक लवकर विसरतात. व्याही हसून पुढे आले. तात्यांचा चेहरा मी फोनमधून पाहत होतो. तो आधी पांढरा झाला, मग लाल. मान खाली घालून ते म्हणाले, “एक्सक्यूज मी, सर,” आणि कपाला वळसा घालून निघून गेले.

नऊ मिनिटांत पोचले. घामाघूम. वहिनींनी घड्याळ दाखवलं, तात्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. “बाई,” ते म्हणाले, “माझं व्याही हुतं वो तितं.”

“पास,” वहिनी म्हणाल्या.

वर्गानं स्टँडवरच एवढा गलका केला की फलटणची गाडी विनाकारण पाच मिनिटं थांबून राहिली. मी तर दोन किलो पेढे वाटले. माझ्या वहिनींनी वरकुट्याचा माणूस गप्प करून दाखवला होता, तेही बाजारच्या दिवशी! पण घरी येताना रिक्षात मी म्हटलं, “वहिनी, जिंकलात की.” त्यांनी बाहेर बघत विचारलं, “भाऊजी, मी चांगलं केलं ना हो?” तीस वर्षं आणि वर इतके वर्ग, पण हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या व्याह्यांच्या घरी गेल्या, सगळी चूक आपली म्हणून सांगून आल्या. व्याह्यांनी चहा दिला, पण महिनाभर तोंड वाकडंच ठेवलं.

तात्या गेले. त्यांच्या प्रवासाच्या दोन दिवसांत वहिनींनी ना वर्ग घेतला, ना कुणाच्या व्हिडिओकडे पाहिलं. मंगळसूत्राच्या जागी फोनच गळ्यात घालून हिंडत होत्या म्हणा ना. एकदा म्हणाल्या, “मी हो म्हटलं म्हणून गेले ते. हरवले तर माझ्यामुळे.” दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. वहिनींनी तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. मागे तान्ह्या बाळाचं रडणं होतं आणि पुढे तात्या.

“पोचलो, बाई. पोरीपाशीच बसलोय.”

वहिनींनी डोळे मिटले, उघडले आणि लगेच परीक्षक झाल्या. “विमान बदललं तिथं?”

“कुनाशी बोललो न्हाय. यक शबुद न्हाय. गेट इचारलं फकस्त.”

“शाब्बास. आणि शेवटी, आयर्लंडमधे? तो पासपोर्टवाला अधिकारी?”

तात्या जरा घुटमळले. मग सांगितलं. अधिकाऱ्यानं कारण विचारलं, तात्यांनी सांगितलं. राहणार कुठं ते विचारलं, लेकीचा पत्ता दाखवला. त्यानं शिक्का मारला, पासपोर्ट परत दिला, म्हणाला, जा. आणि तात्यांनी त्याला विचारलं, “सर, युवर व्हिलेज?” तो आधी बघतच राहिला. मग म्हणाला, समुद्राकडच्या एका खेड्यातला आहे, बाप मेंढ्या पाळतो. तात्या म्हणाले, आमचा पण पाळायचा. मग मेंढ्यांना खुरात काय होतं, लोकर कधी कातरतात, असं सगळं निघालं. मागच्या माणसाला पंधरा मिनिटं थांबावं लागलं. ही पंधरा मिनिटं मी तात्यांच्या तोंडून ऐकली. माझ्या हिशेबानं अर्धा तास तरी असावा.

“तात्या!” वहिनींचा आवाज पुन्हा असा चढला की शेजारच्यांनी खिडकी लावली. “शिक्का मिळाला होता ना? जा म्हणाला होता ना? मग निघायचं होतं सरळ! काय गरज होती विचारायची?”

“येकटाच बसला हुता, बाई,” तात्या म्हणाले. “त्येला कुनी कायच इचारत नव्हतं.”