जांभळाचं सॉर्बे

वाटीतला जांभळा गोळा कडेने विरघळू लागला होता. बाबांनी विचारलं, "काय म्हणतात याला?"

"सॉर्बे," मी म्हणालो. "जांभळाचा रस आणि साखर, गोठवलेली. दूध नाही."

"म्हणजे सरबतच की!"

बरोबर ओळखलं त्यांनी. शब्द मुळात एकच. इकडे आला त्याचं सरबत झालं, तिकडे गेला तो गोठून सॉर्बे झाला. गारठा चढला की ओळखीची गोष्टही वाहायची थांबते. मला उगाच बाबांचे पाय आठवले. सकाळी पांघरूण सारखं करताना ते गार लागले होते.

बाबांच्या मधुमेहासाठी आई गेली कित्येक वर्षं रोज सकाळी जांभळाच्या बियांची कडू पूड त्यांच्या हातावर ठेवत आली. कुणाकडे सरबताचा ट्रे पुढे आला, की बाबांआधी तिचाच हात आडवा यायचा, "यांना नको हं." आणि काल डॉक्टर जाता जाता दारात हळूच म्हणाले, "आता त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या." आम्ही नुसत्या माना डोलावल्या. ही परवानगी कुणी मागितली नव्हती.

बाबांनी वाटी चाटूनपुसून संपवली. जीभ जांभळी झाली होती. आईकडे चोरून बघत म्हणाले, "आज ओरडली नाहीस ती?"

आईने स्वतःची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. "माझ्यातलंही घ्या."

बाबांचा चमचा हवेतच थांबला.