डमरू असेपर्यंत

विसराळूंनो, माझं नाव विचारलं तर तुम्ही ‘आजी’ सांगून मोकळे व्हाल. मी सांगतेय आणि इथे धुळ्यात देवपूरच्या कॉलेजातली नात सुमन कॉम्प्युटर क्लासात बसून तुम्हा सगळ्यांना ई-मेल लिहितेय.

पहाटे तुमच्या आजोबांच्या छातीत दुखलं. जळगावच्या डॉक्टरांनी पुढे धाडलं म्हणून पुतण्याने त्यांना असोद्याहून जीपने धुळ्याला आणलं. मी मागून एसटीने आले.

दवाखान्यात कॉम्प्युटरवरच्या मुलीने पेशंटचं नाव विचारलं. मी म्हटलं, “बंडूचे बाप.” कॉम्प्युटरच्या काचेवर, नावाच्या रिकाम्या जागी, एक उभी काडी लुकलुकत राहिली. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूने शिकवलेलं.

“उखाण्यात घ्या, आजी,” ती हसली.

मागचा माणूस म्हणाला, “घ्या अक्का, आम्ही बठ्ठा जण ऐकतोय.”

“केळीच्या बागेला पाटाचं पाणी, गोविंदरावांच्या घरची मी राणी.”

रांग हसली. काडीचं डमरू झालं. “डमरू असेपर्यंत थांबायचं,” मुलगी म्हणाली. थांबले. मग डमरूचा बाण झाला, एका ओळीवर टेकला आणि मुलीचं हसू गेलं. मला अक्षर येत नाही, पण तेवढं वाचता आलं.

मी एसटीत असतानाच ते गेले होते. म्हणजे नाव घेतल्याने नव्हे. तरी ते डमरू अजून थोडं टिकायला हवं होतं. तुम्हाला कधी वाटलंय असं?

संध्याकाळी त्यांना घरी आणतोय. चूल पेटणार नाही. जळगावात जे असतील त्यांनी पिठलं-भाकरी पाठवा. मिरची हात राखून घालू नका. गोविंदरावांना फिकं चालत नाही.