नमस्कार करणारं भूत

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. बसणार तरी कसा... माझे बाबाच एका सिनेमात भूत झाले होते!

मी वेंगुर्ल्याची, काजू कारखान्यात सुपरवायझर. बाबा दशावतारात राक्षस करायचे. मी सात वर्षांची असताना आंबोलीत एका स्वस्तातल्या हॉरर सिनेमाचं शूटिंग होतं. भुताचं काम करणारा माणूस ऐनवेळी आजारी पडला, म्हणून बाबांना उभं केलं. सिनेमा असा भिकार की हसून पोट दुखतं — रबरी मुखवटा, हातमोज्यांना चिकटवलेली नखं आणि पायात स्लिपर! त्यात हिरॉइनचा गळा धरण्याआधी भूत खाली वाकतं, जमिनीला हात लावून कपाळाला लावतं. रंगमंचावर पाऊल टाकण्याआधीची बाबांची सवय ती. रीळ वाया नको म्हणून डायरेक्टरने तसंच ठेवलं.

मी दहा वर्षांची असताना बाबा गेले. चालते-फिरते बाबा आता फक्त या सिनेमात, तोही कुणीतरी नेटवर टाकला म्हणून. मुंबईचा भाऊ चिडवतो, "गो, तोंडार मुखवटो आसा. बाबाच म्हणान कशावरून सांगतंस?"

"नमस्कारावरून!"

गेल्या वर्षी आईही गेली. घरात मी एकटी. एकटीसाठी कसला भात शिजवायचा... चहा-बिस्किटांवर दिवस काढू लागले. ब्लाऊज ढगळ झाले. जेवायच्या वेळी मोबाइलवर बाबांचा सीन लावून बसायचे.

तो रविवार होता, दुपारचा एक वाजलेला. भूत आलं, वाकलं, नमस्कार करून उभं राहिलं... आणि हिरॉइनकडे गेलंच नाही. सरळ माझ्याकडे बघितलं. पाचही बोटं जुळवून तोंडाशी नेली — जेवलंस? आणि मान कलती करून उत्तराची वाट बघत राहिलं.

"नाय, बाबा," मी म्हटलं आणि हमसून रडले.

मग सीन मागे नेला. नमस्कार, की लगेच हिरॉइनचा गळा. नेहमीसारखाच.

शेजारच्या मंगलवहिनींना दाखवला. त्यांनी तीनदा बघितला. "माका काय एक दिसाक नाय गो. उपाशी ऱ्हवलंस तर असाच कायतरी दिसतला!"

असेलही. पण भुकेल्या माणसाला जेवणाचं ताट दिसायला हवं, बाप का दिसावा?

हल्ली मी डाळ-भात करते. आधी जेवते, मगच सीन लावते. बाबांनी पुन्हा कधी विचारलं नाही. पण विचारलंच, तर हो म्हणता यायला हवं.