रुळांशिवायची आगगाडी

आमच्याकडे रोग्याला त्याच्या रोगाचं नाव सांगत नाहीत, बाकी साऱ्या गोतावळ्याला सांगतात. मी इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये वीस वर्षं डॉक्टरकी केली, परक्यांना तोंडावर खरं सांगितलं. बाबांच्या वेळी मात्र अगदी आपल्या माणसांसारखी वागले. बाबांना ऐकू येत नसे. हॉस्पिटलमध्ये कन्सल्टंटला म्हटलं, मी घरी मराठीत नीट समजावते. घरी आल्यावर वहीत लिहून दाखवलं: फुप्फुसाला सूज आहे, उतरायला वेळ लागेल. खरं तर तीन महिने उरले होते.

बाबा तरुणपणी ड्राफ्ट्समन म्हणून इथे आले आणि एका कंपनीच्या अचाट लष्करी प्रयोगात जाऊन पडले. जिथे रस्ता नाही, रूळ नाहीत, अशा वाळवंटातून आणि बर्फातून माल नेणारी गाडी. पुढच्या डब्यात वीज तयार व्हायची, मागे मालाचे डबे, आणि पुरुषभर उंचीच्या प्रत्येक चाकात स्वतंत्र मोटर. शेवटचा डबाही पहिल्याच्याच चाकोरीतून वळावा म्हणून केलेली जोडणी बाबांची. अमेरिकेतही अशा गाड्या झाल्या होत्या. पुढे जड माल उचलणारी हेलिकॉप्टरं आली आणि लष्कराचा रस संपला. शिवाय गाडीला स्वतःच्याच तेलासाठी एक डबा लागे. नाकापेक्षा मोती जड, असं मी एकदा म्हणाले, तर बाबांनी दोन दिवस अबोला धरला.

ती गाडी भंगारात गेली असंच ते समजत होते. फेब्रुवारीत लिंकनशायरमधल्या एका शेतकऱ्याचं पत्र आलं. तो जुनी लष्करी वाहनं जमवायचा. त्याच्या शेडमध्ये पुढचा डबा आणि मागचा एक शिल्लक होते, आणि सोबतच्या आराखड्यांवर बाबांची सही. जोडणी कशी चालते ते कुणालाच कळत नाही, या शनिवारी येता का, असं त्याने विचारलं होतं.

बाबांनी पत्र चारदा वाचलं. मग म्हणाले, "असं धापा टाकत कशाला जायचं? सूज उतरली की जूनमध्ये जाऊ. दोन दिवस राहून शिकवतो त्याला."

वही माझ्या मांडीवर होती, पेन हातात होतं. मी लिहिलं, "चालेल." त्या शब्दाची मला आजही किळस येते. शनिवारी त्यांना नेणं सहज जमलं असतं.

मार्चअखेर त्यांना ॲडमिट केलं. वॉर्डातल्या नव्या डॉक्टरला वाटलं, यांना माहीत असणारच. तिने कागदावर मोठ्या अक्षरांत विचारलं: कॅन्सर शेवटच्या टप्प्यात आहे, राहिलेले दिवस इथे काढायचे की घरी? मी पोचले तेव्हा तो कागद पांघरुणावर पडला होता. आता ते मला बोलतील, असं वाटलं. बोलायला हवे होते.

त्यांनी कागद उलटा केला, पेन मागितलं आणि मागच्या बाजूला जोडणी काढायला घेतली. दोन रेघा झाल्या. तिसरीला पेन निसटलं, मी दिलं, पुन्हा निसटलं.

"त्या माणसाला कळव, जूनमध्ये जमणार नाही," ते म्हणाले. "उगाच वाट बघेल."

मग माझ्याकडे वळले.

"त्या शनिवारी मला जाता आलं असतं, नाही का गं?"

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.